जिन्याखालच्या दोन बॅटऱ्या

मित्रांनो, अशा गोष्टीत ऐकणाऱ्यांना मित्र म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. एरवी माणसांशी माझी मैत्री नाही आणि ती व्हावी अशी माझी इच्छाही नाही. मी एक जुनी बॅटरी आहे, विजेवर चालणाऱ्या सायकलची. अंगाने जाड, वजनाने जड, आणि स्वभावाने कशी ते तुम्हाला कळेलच. माझी कहाणी ऐकून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर त्याने ते पुसावं आणि आधी घरी जाऊन स्वतःचा चार्जर तपासावा.

आमचं घराणं लिथियमचं. तुम्ही माणसं 'लिथियमची बॅटरी' असं एका दमात म्हणून मोकळी होता, जणू आम्ही सगळ्या एकाच साच्यातून निघालो. आडनाव एक असलं म्हणून स्वभाव एक असतो का? तुमच्या घरात असतो का? आमच्यातली कोबाल्टवाली अंगाने बारीक, तुमच्या फोनमध्ये बसून असते आणि जरा काही झालं की तापते. सायकलवाले तिच्या फारसे नादी लागले नाहीत, ते बरंच केलं. मँगनीजवाली डोक्याने थंड, पण बिचारी लवकर म्हातारी होते. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट या तिन्ही धातूंची मिळून एक आहे. ती वजनाला हलकी, थोड्या जागेत भरपूर वीज साठवणारी, म्हणून सगळ्यांची लाडकी. आणि मी लोह-फॉस्फेटवाली. मला जागा जास्त लागते, उचलताना माणसाच्या तोंडून 'अगं आई गं' निघतं. पण मी सहजासहजी डोकं तापवून घेत नाही आणि वर्षानुवर्षं टिकते. याबद्दल मला कुणी हार घातलेला नाही.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात सोळा कप्पे आहेत. डोक्याला पांढरी टोपी घातलेल्या एका बाईने ते एकेक मापून, सारख्या ताकदीचे निवडून एकत्र बांधले. त्यांच्यावर एक छोटी हिरवी पाटी बसवली. कारखान्यात त्या पाटीला भारदस्त नाव होतं, मी तिला पहारेकरी म्हणते. पोट भरलं की वीज बंद करायची, पोट रिकामं झालं की सायकल थांबवायची, कप्प्यांमध्ये कुणाला कमी कुणाला जास्त होऊ द्यायचं नाही, ही त्याची कामं. शेवटी त्या बाईने मला निळ्या वेष्टणात गुंडाळलं आणि तळहाताने दोनदा थोपटलं. माझ्या आयुष्यातलं तेवढंच थोपटणं. पुढे जे हात लागले ते ओढणारे, आपटणारे आणि बोट दाखवणारे.

मला विकत घेतलं ते एका लाँड्रीवाल्याने. घरात त्याला सगळे थोरला म्हणत. हॉटेलच्या चादरी आणि दवाखान्याचे ॲप्रन धुऊन, इस्त्री करून पोचवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. दुकानात येऊन त्याने एवढंच विचारलं, "टिकेल कुठली?"

"टिकायला ही," दुकानदाराने माझ्यावर हात ठेवला. "पण जड आहे. आणि एक लक्षात ठेवा, हिचा चार्जर हिलाच. डब्यावर सगळ्यांच्याच अठ्ठेचाळीस व्होल्ट लिहिलेलं असतं, पण आत प्रत्येकीची भूक वेगळी."

"माझ्या घरात दुसरी आहेच कुठली?" थोरला म्हणाला.

तेव्हा खरंच नव्हती. आठवड्याभरात आली.

थोरल्याचा धाकटा भाऊ त्याच दुकानात गेला आणि म्हणाला, "माझ्या भावाने नेली ती सोडून कुठलीही द्या." मित्रांनो, बॅटरी निवडायच्या अनेक रीती आहेत. कुणी किती लांब जायचं ते बघतो, कुणी रस्त्याचा चढ बघतो, कुणी खिसा बघतो. धाकट्याने फक्त भावाचं नाक बघितलं, ते कसं खाली करता येईल एवढंच. दुकानदाराने त्याला तीन धातूंची दिली. ती छान, सडपातळ होती, चंदेरी वेष्टणातली. धाकट्याने तिचं नाव परी ठेवलं. तेव्हा थोरल्याने मला हत्तीण म्हणायला सुरुवात केली. तो ते कौतुकाने म्हणायचा, पण हत्तीण ती हत्तीणच.

त्या घराबद्दल आता सांगते. खाली लाँड्री होती. मधोमध एक अरुंद बोळ, त्याच्या एका बाजूला धुण्याची यंत्रं, दुसऱ्या बाजूला इस्त्रीची टेबलं. बोळाच्या टोकाला लाकडी जिना. वर एकच खोली आणि त्या खोलीत दोघांची आत्या. ती रफू करायची. फाटलेली चादर, उसवलेला ॲप्रन, सिगारेटने भोक पडलेला टेबलक्लॉथ, सगळं तिच्याकडे वर जायचं आणि धड होऊन खाली यायचं. गुडघे गेले होते, त्यामुळे दिवसातून एकदाच खाली उतरायची आणि उतरताना पायरीगणिक कुणाचा ना कुणाचा उद्धार करायची. लग्न केलं नव्हतं. या दोघांची आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्यांना वाढवलं होतं, आणि त्याबद्दल ती त्यांना अजून बोल लावत होती.

दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. का? एका मोठ्या हॉटेलच्या टेबलक्लॉथवर इस्त्रीचा डाग पडला होता, पूर्ण इस्त्रीच्या आकाराचा, तपकिरी. हॉटेलने काम काढून घेतलं. थोरला म्हणाला, इस्त्री धाकट्याने ठेवली. धाकटा म्हणाला, मी ठेवली पण थोरल्याने हाक मारली म्हणून उठलो. बापाच्या पश्चात धंद्याची वाटणी झाली ती त्या डागावरून. बोळाच्या जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटने रेघ मारली. यंत्रं वाटली, टेबलं वाटली, भिंतीतल्या खुंट्यासुद्धा वाटल्या. वाटता आला नाही तो जिना, कारण तो आत्याकडे जात होता, आणि जिन्याखालचा विजेचा बोर्ड, कारण मीटर एकच होता. म्हणून जिन्याखाली दोन फळ्या ठोकल्या. वरच्या फळीवर मी, खालच्या फळीवर परी. थोरल्याची बायको शहाणी होती. तिने या दोघांपुढे हात टेकले आणि हॉटेलात चादरींची देखरेख करायला नोकरी धरली.

आता या घरातली खरी रीत ऐका. बोलणं बंद म्हणजे गप्प बसणं नव्हे. ही माणसं गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. थोरल्याला धाकट्याला काही सुनवायचं असलं की तो ते मला सुनवायचा. चार्जरची पिन माझ्यात खुपसता खुपसता मोठ्याने म्हणायचा, "बघ गं हत्तिणी, काही लोक दुपारी बारापर्यंत झोपतात आणि वर धंदा करतात म्हणे." पलीकडून धाकटा परीला म्हणायचा, "ऐकलंस का परी? काही लोकांना बापाची खुर्ची मिळाली, अक्कल मात्र मिळाली नाही." मग थोरला मला, "तोंड सांभाळ म्हणावं." धाकटा परीला, "कुणाला म्हणाला ते विचार." आम्ही दोघी मध्ये. माझ्या वाट्याला आलेली एकही शिवी माझी नव्हती, पण पिन दरवेळी माझ्यातच खुपसली जायची, आणि चांगली करकचून.

सरळ निरोप द्यायचा असला तर तो जिन्यावरून जायचा. "आत्या, त्याला सांग, नळ बंद करायला विसरलाय." वरून आत्या खेकसायची, "मेल्या, तो तुझ्या शेजारी उभा आहे!" "हो, पण त्याला सांग." आणि आत्या सांगायची. दाभणासारखी जीभ होती तिची, तरी निरोप कधी अडवला नाही. ती म्हणायची, निदान माझ्या तोंडून तरी यांचं बोलणं चालू राहील.

कामाची पहिली वर्षं मात्र माझी होती. दवाखान्याच्या चढावर ओल्या कपड्यांची गाठोडी मागे बांधून मी थोरल्याला वर नेलं, तेही दम न लागता. दवाखान्याचा वॉचमन म्हणाला, "काय बॅटरी आहे राव तुमची." थोरल्याने मान डोलावली, जणू माझे सोळा कप्पे त्यानेच बांधले होते. उन्हात, थंडीत, भर गर्दीत मी कधी अडले नाही. परी सपाट रस्त्यावर चपळ होती, धाकट्याला ती एका हाताने उचलता यायची आणि तो ती मुद्दाम थोरल्यासमोर एका हाताने उचलायचा. असे दिवस गेले. मला ते आवडत होते असं म्हणणार नाही, पण निदान पोटभर मिळत होतं.

मग तो पाइप फुटला.

धुण्याच्या यंत्राचा जाड पाइप निसटला आणि बोळात घोट्याएवढं पाणी झालं. दोघं भाऊ दोन बाजूंनी धावले. बॅटऱ्या फळीवर होत्या, पण चार्जर खाली जमिनीवर असायचे. दोघांनी वाकून हाताला लागला तो चार्जर उचलला. दोन्ही काळे, दोन्हींची पिन सारखी, दोन्हींवर तेच अठ्ठेचाळीस, आणि खालचा बारीक अक्षरांचा कागद साबणाच्या वाफेने केव्हाच गळून गेलेला. दोघांचे खांदे एकमेकांना लागले. कुणीही विचारलं नाही, 'हा तुझा का रे?' चार शब्दांचा प्रश्न, मित्रांनो. दोघांनी तोंडात मूग का धरले होते देव जाणे. थोरला परीचा चार्जर घेऊन आपल्या बाजूला गेला, धाकटा माझा घेऊन आपल्या बाजूला गेला.

आता पुढचं नीट समजून घ्या, कारण तुमच्याही घरी हे होऊ शकतं. परीच्या पोटात तेरा कप्पे, माझ्या पोटात सोळा. तिचा चार्जर तेरा कप्प्यांच्या बेताने ढकलतो, माझा सोळांच्या बेताने, म्हणजे जास्त जोराने. तिच्या चार्जरवर माझं पोट भरत आल्यासारखं व्हायचं आणि शेवटचा घास कधीच मिळायचा नाही. त्या शेवटच्या घासालाच पहारेकरी माझे कप्पे सारखे करून घेतो. तो घास नाही, म्हणून कप्पे सारखे होईनात. एक थकायचा, बाकीचे पंधरा त्याच्यासाठी थांबायचे आणि मी चढावर मध्येच बसायचे.

परीचं उलटं झालं. माझ्या चार्जरने तिला ठासून भरलं. पोट फुटायची वेळ आली की तिचा पहारेकरी मध्ये पडून वीज तोडायचा. पण त्याआधी तिच्यात नेहमीपेक्षा जास्त गेलेलं असायचं, त्यामुळे ती पूर्वीपेक्षा लांब पळायला लागली. झालं! धाकट्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो बोळात उभा राहून परीला म्हणायचा, "काय पळतेस गं! नाहीतर काही लोकांच्या हत्तिणी बघ, चढावर ढकलाव्या लागतात." थोरला मला लाथ मारायचा. हो, मारायचा. ज्या चढावर वॉचमनने माझं कौतुक केलं, त्याच चढावर तो मला म्हणाला, "ओझं नुसतं! विकून टाकायला हवी भंगारात." मला तोंड असतं तर त्या दिवशी मी त्याला काय सुनावलं असतं ते इथे सांगण्यासारखं नाही.

परीचे लाड फार दिवस टिकले नाहीत. रोज रोज ठासून भरल्याने ती आतून खचली. तिचा पहारेकरी आता दर थोड्या वेळाने वीज तोडू लागला. चार्जरचा दिवा लाल व्हायचा, हिरवा व्हायचा, परत लाल. धाकटा वैतागला. मूळ दुकानदाराकडे जावं तर तिथे थोरला जातो. म्हणून तो चौकातल्या मिस्त्रीकडे गेला. कुठलंही काम पुढे ठेवलं तरी 'होऊन जाईल' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. होऊन-जाईलने परी उघडली, डोकावला आणि म्हणाला, "ही पाटीच नाटकं करतेय. हिला बाजूला ठेवू आणि तारा सरळ जोडून टाकू. होऊन जाईल."

आणि परीचा पहारेकरी एका बरणीत, खिळ्या-मोळ्यांच्या सोबतीला जाऊन पडला.

त्या दिवसापासून जिन्याखालची हवाच बदलली. ती चार्ज होताना खालच्या फळीवरून ऊब वर यायची. एकदा आत्या जिना उतरताना थांबली. लाँड्रीच्या घरातली बाई ती, इस्त्री तापली की नाही हे बोट ओलं करून बघणारी. तिने वाकून परीवर हात ठेवला आणि झटकन काढला. "अरे धाकट्या, ही तव्यासारखी तापलीय!"

"पळते म्हणून तापते, आत्या. थंड असतात त्या नुसत्या पडून असतात," धाकटा माझ्याकडे बघत म्हणाला.

"मेल्या, मी तुला बॅटरीचं सांगतेय, भावाचं नाही."

"तुला त्यानेच सांगायला लावलं असेल."

 मग कठडा धरून, पायरीगणिक कण्हत, ती वर निघून गेली.

अखेर थोरल्याने मला आणि चार्जरला उचलून दुकानात नेलं. विकायलाच. दुकानदाराने माझे कप्पे मापले, मग चार्जर मापला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "हा चार्जर हिचा नाहीच. हा तीन धातूंवालीचा आहे. म्हणून ही अर्धपोटी राहिली. बॅटरी ठणठणीत आहे हो तुमची." बरीच वर्षं झाली होती असं वाक्य ऐकून. पण ते ऐकायला मला फुरसत मिळाली नाही, कारण दुकानदाराचा आवाज बदलला. "मग हिचा चार्जर कुठे आहे?"

"पाइप फुटला त्या दिवशी बदलला असेल. धाकट्याकडे," थोरला म्हणाला.

"तुमच्या भावाकडे? त्याच्या बॅटरीला लावतोय तो? अहो, आतली हिरवी पाटी आहे म्हणून वाचलीय. ती बिघडली किंवा कुणी काढली तर पेटेल ती. आत्ताच्या आत्ता फोन लावा त्याला."

"आमचं बोलणं नाही," थोरला म्हणाला.

"मग भांडायला म्हणून लावा!"

थोरल्याने फोन खिशातून काढला, बघितला आणि परत खिशात ठेवला. "घरीच जातो. दहा मिनिटांवर आहे."

दुपार होती. बोळात वाफ भरलेली. धाकटा आपल्या टेबलाशी ॲप्रनला इस्त्री करत होता. जिन्याखाली खालच्या फळीवर परी चार्जला लावलेली, माझ्या चार्जरवर. वरून आत्याच्या कात्रीचा आवाज येत होता. थोरला मला बगलेत मारून पिवळ्या रेघेपाशी येऊन उभा राहिला. त्याला बोलायचं होतं, हे मला कळत होतं, कारण त्याचं काळीज माझ्या अंगाला लागून धडधडत होतं. एक पाऊल पुढे टाकून प्लग काढायचा, किंवा 'अरे, बंद कर ते' म्हणायचं, एवढंच काम होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! आणि म्हणाला, "बघ गं हत्तिणी, काही लोकांची दुसऱ्याच्या चार्जरवर मेजवानी चाललीय. पोट फुटून पेटेल म्हणावं एखाद्या दिवशी."

धाकट्याने इस्त्री आपटली. "परी, ऐकलंस? स्वतःच्या बॅटरीत दम नाही म्हणून आता आपल्याला चोर ठरवायला निघालेत. आणि पेटायचे शाप देतायत."

"शाप नाही म्हणावं, खरं सांगतोय."

"खरं सांगायला आधी डागाचं खरं सांग म्हणावं!"

डाग! एवढ्या वर्षांनी, त्या क्षणीसुद्धा तो टेबलक्लॉथच. थोरल्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. "सांगितलं मी. माझं काम झालं," तो मला म्हणाला, आणि तरातरा बाहेर येऊन मला सायकलवर बसवू लागला. राग राग करायला मला दोन्ही भाऊ पुरत नाहीत, पण त्या दिवशी मला थोरल्याचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. किल्ली फिरवता फिरवता त्याचे हात थांबले. त्याने वर आत्याच्या खिडकीकडे बघितलं, आणि सायकल तशीच सोडून तो आत वळला.

तेवढ्यात आतून आवाज आला. कुकरची वाफ सुटावी तसा, पण लांब आणि चिरका. मग गोडसर, डोक्यात जाणारा वास. मग लाह्या फुटाव्यात तसे फटाफट आवाज. परीचे कप्पे एकामागून एक जात होते. धाकटा खोकत, ॲप्रन तोंडावर धरून बाहेर पडला. थोरल्याने ओल्या चादरी आत फेकल्या, त्यांचं काही चाललं नाही. जिना लाकडी होता. त्याने दोनदा आत शिरायचा प्रयत्न केला आणि दोनदा धुराने त्याला परत ढकललं. शेजारच्या न्हाव्याने अग्निशमनवाल्यांना फोन लावला.

"आत्या!" दोघं एकदम ओरडले.

खिडकीत आत्या आली. मागून काळा धूर. दोघांनी वाळत घातलेली हॉटेलची मोठी चादर ओढून आणली आणि खिडकीखाली धरली. टोकं चार, माणसं दोन. आणि मग मी जे ऐकलं, ते मी खोटं सांगत असेन तर माझे सगळे कप्पे आत्ता जावेत.

"आत्या, त्याला सांग, मागे सरक म्हणावं!" थोरला वर बघून ओरडला.

"आत्या, त्याला सांग, मागे भिंत आहे!" धाकटा वर बघून ओरडला.

"त्याला सांग, ताणून धर!"

"त्याला सांग, ताणलीच आहे!"

आत्या चौकटीवर बसली होती, पाय बाहेर. धुराने तिचा घसा बसला होता, तरी तिचा आवाज रस्ताभर गेला. "मेल्यांनो, निरोप पोचवू का उडी मारू?"

आणि तिने उडी मारली. थोरला ओढत होता, धाकटा पकड बदलत होता. एकाला ठाऊक नव्हतं दुसरा काय करतोय. चादरीचं एक टोक सुटलं. चादरीने आत्याला धरल्यासारखं केलं आणि सोडून दिलं.

आत्या रस्त्यावर पडली. मग धाकटा, थोरल्याच्या तोंडाकडे सरळ बघून, लहान मुलासारखा म्हणाला, "दादा, तिचा पाय बघ."

आग विझली. दवाखान्याची गाडी येईपर्यंत दोघं आत्याजवळ, माझ्या सायकलपाशी फुटपाथवर बसले होते. थोरल्याने दुकानदाराचं सगळं सांगितलं, चार्जर, पाइप, पहारेकरी, सगळं. धाकटा ऐकत राहिला.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं की रे."

"मला नाही सांगितलंस," धाकट्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला सांगितलंस."

 यावर तुमच्याजवळ उत्तर असलं तर मला कळवा.

आत्या वाचली. खुब्याचं हाड मोडलं ते जुळलं, पण ती पुन्हा चालली नाही. जिना जळाला, वरची खोली गेली. आता ती खालीच असते. तिची खाट बोळात, बरोबर पिवळ्या रेघेवर टाकली आहे. तिनेच तिथे टाकायला लावली. घरी आणल्या आणल्या तिने दोघांना समोर उभं केलं आणि म्हणाली, "आजपासून माझ्याकडून एकही निरोप जाणार नाही. मला पाय नाहीत आणि तोंडही नाही असं समजा." थोरल्याने सवयीने सुरुवात केली, "आत्या, त्याला सांग..." तिने रफूची सुई घेऊन सरळ त्याच्या हाताला टोचली. मला फार बरं वाटलं.

परीचं काय राहिलं ते एका बादलीत भरून नेलं. तिच्याशी माझं कधी जमलं नाही. पण तिचा दोष नव्हता हे मी सांगून ठेवते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. ती जशी होती तशीच होती. तिला तिचा चार्जर आणि तिचा पहारेकरी मिळाला असता तर ती आजही सपाट रस्त्यावर पळत असती आणि मी तिच्यावर नाक मुरडत असते.

मला माझ्या मापाचा नवा चार्जर मिळाला. हळूहळू माझे कप्पे सारखे झाले, पण तोवर वय झालं होतं, चढाची ताकद काही परत आली नाही. सायकलवरून मला उतरवलं. आता मी आत्याच्या खाटेखाली असते आणि तिच्या रफूचा दिवा माझ्यावर लागतो. माझ्या चार्जरला आत्याने लाल दोऱ्याने माझ्या मुठीशी बांधून टाकलं आहे. ती गाठ सोडायची तर कात्री लागेल, आणि कात्री आत्याकडे असते.

तर मित्रांनो, शेवटी उपदेश करायची पद्धत आहे. मी मायेने करणार नाही, मला तुमचा भरवसा नाही. आमच्यातली कुठली तुमच्या घरी आहे ते आधी जाणून घ्या. जिचा चार्जर तिलाच लावा. पिन बसते म्हणजे जमतं असं नाही. आमच्या पोटातला पहारेकरी काढणाऱ्याला दारात उभं करू नका. जिथून घरातल्यांना बाहेर पडायचं आहे तिथे आम्हाला चार्जला लावू नका. आणि जे माणसाला सांगायचं ते माणसाला सांगा. मला सांगू नका. मला ऐकू आलं तरी मी प्लग काढू शकत नाही.

दोघं भाऊ आता गप्पा मारतात असं समजू नका. अजूनही त्यांचं फारसं बोलणं नाही. डागाचा निकालही लागलेला नाही. पण रोज दुकान बंद करताना थोरला कुलूप हातात घेऊन थांबतो.

"चार्जर काढलास?"

"काढला."

"परत बघ."

धाकटा खाटेखाली वाकतो, माझ्याकडे बघतो, हात लावून बघतो. मग मान वर करून, थोरल्याच्या डोळ्यांत बघून म्हणतो, "काढलाय, दादा."

आत्या त्या वेळी सुई थांबवते. मी मात्र दोघांनाही अजून माफ केलेलं नाही.